"चांगलं आहे, वाच" एवढ्यानं भागत नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



कुणी दुपारची भांडी आवरून बसल्या असाल, कुणी तांदूळ निवडत ऐकत असाल, कुणी बांधावर मोबाइल लावून खुरपत असाल. हातातलं काम चालू राहू द्या. आज पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. पण "पुस्तकं वाचा" असा उपदेश मी करणार नाही, तो आपण शाळेपासून ऐकत आलोय. आज बोलायचंय ते एवढंच, की आपण वाचलेलं पुस्तक दुसरीला सांगायचं कसं.

हे बोलायची वेळ का आली, ते आधी सांगते. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. बचत गोळा झाली, वही लिहून झाली की थोडा वेळ बसतो. एकदा मी गटातल्या एका वहिनींना लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं. "फार चांगलं आहे, वाचा," एवढंच म्हणाले. महिन्यानं पुस्तक परत आलं. वर पाण्याच्या तांब्याची गोल खूण. "वेळच झाला नाही गं," वहिनी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. पण त्याच महिन्यात त्यांनी शेजारणीनं सांगितलेलं नव्या पद्धतीचं लोणचं घातलं होतं. त्याला बरा वेळ झाला!

मग माझ्या लक्षात आलं. शेजारणीनं "लोणचं चांगलं होतं" एवढंच सांगितलं नव्हतं. कैरी कुठली घ्यायची, मीठ किती, फोड किती दिवस ठेवायची, सगळं सांगितलं. वर म्हणाली, "तुमच्या सासूबाईंना आंबट सोसत नाही ना, मग गूळ जास्त घाला." म्हणजे माणूस बघून सांगितलं. मी मात्र पुस्तक दिलं ते माणूस न बघता.

पुढच्या बैठकीत मी वहिनींना म्हणाले, "अहो, या बाईंचे यजमान कवी. हातात पैसा टिकत नाही, कुणी मागितलं की देऊन मोकळे. मनात आलं की घर सोडून निघून जायचे. आणि एक दिवस त्यांनी धर्मच बदलला. बाई पदरात पोर घेऊन माहेरच्या माणसांत. आता त्यांनी काय केलं असेल?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "सांगून न जाणारा माणूस आमच्याकडं पण आहे. आणा ते पुस्तक." या वेळी पुस्तक परत यायला तीन महिने लागले, कारण ते त्यांच्या जावेकडं गेलं आणि तिथून त्यांच्या लेकीकडं.

सांगताना चार गोष्टी सांगा

तेव्हापासून आमच्या गटात एक रीत पडली. पुस्तक सुचवायचं तर चार गोष्टी सांगायच्या.

पहिली, पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत. सगळी गोष्ट सांगायची नाही, शेवट तर नाहीच. शेवट कळला की निम्मी गोडी गेली.

दुसरी, मला ते कुठं लागलं. म्हणजे कुठल्या पानावर मी थांबले, कुठं हसू आलं, कुठं राग आला. "भाषा छान आहे" हे शाळेतल्या परीक्षेत लिहायला ठीक. मैत्रिणीला सांगताना "हे वाचून मला माझी आत्या आठवली" असं सांगा.

तिसरी, ते कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही. ही सगळ्यात महत्त्वाची आणि आपण नेमकी हीच विसरतो. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, तिथल्या बाईला मरणाचं पुस्तक लगेच देऊ नये. जिला वाचायची सवय मोडलीय, तिला चारशे पानांचं देऊ नये.

चौथी, सुरुवात कुठून करायची. प्रस्तावना आधी वाचलीच पाहिजे असं काही नाही. खूप जणी तिथंच अडकतात आणि पुस्तक मिटतात. सरळ पहिल्या प्रकरणापासून सुरू करा, प्रस्तावना शेवटी वाचा. तेव्हा ती कळतेही जास्त.

आता याच रीतीनं आमच्या गटात वर्षभरात फिरलेली काही पुस्तकं तुम्हाला सांगते.

वाचता न येणाऱ्या बाईचं पुस्तक

पहिलं 'बहिणाबाईंची गाणी'. जळगावजवळच्या असोद्याच्या लेक, जळगावच्या चौधरींच्या सून. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात मुलं, शेतीचं काम. दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचून म्हणायच्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी आणि एका नातलगानं त्यातल्या काही लिहून ठेवल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. महाराष्ट्राला ही कवयित्री कळली ती ती गेल्यावर.

हे मला कुठं लागलं सांगू? ज्या लिहिल्या गेल्या त्या वाचल्या. ज्या कुणी लिहिल्या नाहीत त्या जात्याबरोबर गेल्या. आपल्या आज्यांच्या अशा किती गेल्या असतील? हे वाचून गटातल्या दोघींनी आपल्या सासूबाईंच्या ओव्या वहीत उतरवायला घेतल्या. हे पुस्तक सगळ्यांसाठी आहे. सलग वाचायचं नाही, रोज एक गाणं, तेही मोठ्यानं. भाषा खानदेशी आहे. एखादा शब्द अडला तर अडू द्या, पुढं जा. चार वेळा म्हटलं की कळतो.

संसार, धर्म आणि हसू

दुसरं अर्थातच 'स्मृतिचित्रे'. हे 1934 पासून भागाभागांनी छापलं गेलं. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. वडिलांना सोवळ्याचं वेड इतकं, की घरात येणारी वस्तू धुऊन घेता घेता घरच्या बायका बेजार. लहानपणीच लग्न झालं. पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं लक्ष्मीबाई त्यांच्याकडं गेल्या आणि 1900 साली त्यांनीही धर्म स्वीकारला. मधल्या काळात त्यांच्या मनातली शिवाशिव कशी गळून पडली, ते त्यांनी स्वतःचं काही न झाकता सांगितलंय.

एवढं दुःख, पण पानापानावर हसू येतं. नवऱ्याची फजिती सांगतात, त्याच्या दुप्पट स्वतःची सांगतात. पुस्तक जाड आहे, म्हणून एकदम हातात द्यायचं नाही. आधी लहानपणाची प्रकरणं बैठकीत वाचून दाखवा. ज्या बाईचा संसार कलाकलानं चाललाय तिला हे पुस्तक धीर देतं.

लपवून लिहिलेल्या वह्या

तिसरं बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', 1986 साली पुस्तकरूपानं आलेलं. हे सुचवताना मी जरा थांबून, विचार करून सुचवते.

बेबीताईंचा जन्म पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा, पुढचं आयुष्य फलटणला. त्यांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा माल बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या वाचत बसायच्या. तिथंच लिहायला लागल्या. आणि लिहिलेलं घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं त्या वह्या तशाच पडून होत्या.

पुस्तकात महारवाड्यातलं जिणं आहे. भूक, अंगात येणं, देवाला वाहिलेली पोरं, बाळंतिणीचे हाल, आणि त्यातून बाबासाहेबांच्या शब्दानं उठलेली माणसं. पण मला लागलं ते वेगळंच. गावानं ज्यांना छळलं त्याच घरांत कोवळ्या सुनांचा छळ कसा चालायचा, हेही बेबीताईंनी लिहिलं. आपल्याच माणसांबद्दल असं खरं लिहायला छाती लागते.

हे आम्ही वाचलं तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "आमच्या आळीतनं त्यांना पाणी वरनं ओतायचो, मी पण ओतलंय." गटात दोन्हीकडच्या बायका बसलेल्या होत्या. आजींच्या शेजारी बसलेली बाई नुसती म्हणाली, "माझ्या आईनं ते प्यायलंय." त्यावर आम्ही भाषण केलं नाही. चहा झाला, सगळ्यांनी एकाच किटलीतला घेतला आणि पुस्तकाचं पुढचं प्रकरण लावलं. हे पुस्तक बाळंतिणीला, आजारी बाईला लगेच देऊ नका. बाकी सगळ्यांनी वाचावं, आणि शक्यतो एकटीनं नाही, मिळून वाचावं.

शेतीवाल्या घरासाठी दोन

ज्या म्हणतात "मला बाई रडायचं पुस्तक नको," त्यांच्यासाठी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. 1981 साली आलं, तेव्हापासून घरोघरी वाचलं जातंय. गोष्ट अमेरिकेतली. जॉर्ज कार्व्हर हा गुलाम आईच्या पोटी जन्मलेला काळा मुलगा. तान्हा असताना आईला पळवून नेलं, ती परत मिळालीच नाही. हा मुलगा लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून शिकला आणि शेतीचा मोठा शास्त्रज्ञ झाला. सारखा कापूस घेऊन तिथल्या जमिनी थकल्या होत्या. त्यानं शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला शिकवलं आणि त्यांचं करायचं काय, तेही दाखवलं. शेतकरी शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच गाडीवर घालून गावोगाव नेली.

कडधान्यानं जमिनीला बळ येतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर आपण कापसात तूर घेतो. पण तेच एका परक्या मुलखातल्या माणसाच्या तोंडून ऐकताना वेगळीच आपुलकी वाटते. दहावी-बारावीच्या मुलांना, शेती करणाऱ्या नवऱ्याला, दिराला बेलाशक द्या. आमच्याकडं तर एका घरी ते आधी पुरुषांनीच पळवलं.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी', 1955 सालचं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच गोष्ट. पातळ पुस्तक, छोटी वाक्यं. वाचायची सवय मोडलेल्या बाईला हात धरून आणायचं तर हेच द्यावं. त्यात एकच बैल असलेल्या शेकू धनगराची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतःच्या खांद्यावर जू घेते. ते पान वाचून झालं आणि आमच्यातली एक जण म्हणाली, "आमच्या आईनं कोळपं ओढलंय." पुढं दुष्काळ येतो. वाडीचं काय होतं ते मी सांगणार नाही, माझाच नियम आहे.

आवडलं नाही, हेही सांगा

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते माहीत नाही अशी मराठी बाई विरळा. यावर आमच्याकडं भांडणच झालं. थोरल्या बायांच्या डोळ्यांत पाणी. आणि एक नवी सून म्हणाली, "सगळं आईनंच सोसायचं, आणि आपण रडून तिला मोठं म्हणायचं. मला नाही पटत." क्षणभर सगळ्या गप्प. मग एक काकी म्हणाल्या, "सोसणं सोड गं. पोराला माणुसकी शिकवायची तर त्या आईकडनं घे की." दोघींचंही बरोबर होतं. त्या दिवशी ती सून गटात पहिल्यांदा बोलली. पैशाच्या हिशोबावर जी वर्षभर बोलली नव्हती, ती एका पुस्तकावरून बोलली. आणि पुढच्या महिन्यात कर्जाच्या व्याजाबद्दलही तिनं प्रश्न विचारला.

म्हणून म्हणते, आवडलं नाही हे सांगायलाही जागा ठेवा. अर्धं वाचून पुस्तक परत करायला लाज नको. "कुठपर्यंत आलीस?" असा तगादा लावू नका, ती काही कर्जाची वसुली नव्हे.

वाचता येत नाही तिचं काय?

ही गोष्ट नाजूक आहे. भरलेल्या बैठकीत एखादीच्या हातात पुस्तक देऊन "तू वाच" म्हणू नका. ती म्हणते "चष्मा आणला नाही." कधी ते खरं असतं, कधी तिला वाचताच येत नसतं. "आज कोण वाचणार?" असं विचारावं, जिला यायचं ती पुढं येते.

आणि ऐकणं हे काही कमीपणाचं नाही. श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक आणि ऐकणारे देऊळभर असतात. ऐकणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो का? तीच रीत पुस्तकाला लावायची. दहा मिनिटं एकीनं वाचायचं, मग थांबून बोलायचं. आमच्या गटात पुस्तकांवर सगळ्यात नेमकं बोलणारी बाई अंगठा उठवणारी आहे. तिनं ऐकलेलं ती जशीच्या तशी दुसऱ्या वस्तीवर जाऊन सांगते.

चष्म्याचं मात्र मनावर घ्या. चाळिशी आली की जवळचं अंधूक होतं, म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो. कितीतरी बायका "आता वाचायची आवड राहिली नाही" म्हणतात, खरं तर त्यांना अक्षर दिसत नसतं. डोळे तपासून घ्या. आवड परत येते.

पुस्तकं आणायची कुठून?

आधी गावातलं किंवा जवळच्या मोठ्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय बघा. महाराष्ट्रात 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे तिथल्या पुस्तकांवर आपलाही हक्क आहे. चौघींनी मिळून जा, सभासद व्हा, हवी ती पुस्तकं मागा. मागणी असली तर पुस्तकं येतात.

दुसरी वाट पुस्तकभिशीची. बारा जणींनी महिन्याला 20 रुपये काढले की 240 रुपये होतात. त्यात दर महिन्याला एक पुस्तक, कधी दोन येतात. चिठ्ठी निघेल तिनं पुस्तक निवडायचं आणि आधी वाचायचं. वर्षाला एकीचे 240 रुपये गेले, पण वाचायला किमान बारा पुस्तकं मिळाली. एक वही ठेवा. पुस्तकाचं नाव, कुणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं, आणि शेवटी "कुणाला द्यावं" असा एक रकाना. तो शेवटचा रकाना चुकवू नका. आमच्या वहीत एकीनं लिहिलंय, "रागावलेल्या सासूला द्यावं."

जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात. लेखकाला जाऊन साठ वर्षं झाली की आपल्या कायद्यानं ती कुणालाही छापता येतात. मुलांच्या मोबाइलवर मराठी विकिस्रोत उघडलं तर काही जुनी मराठी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. आणि गटाची सहल काढायची असेल तर महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार बघा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथं लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवलीत. कुणीही जावं, बसावं, वाचावं. स्ट्रॉबेरीचं गाव हे करू शकतं, तर आपल्या गटाला एक फळी भरायला काय हरकत आहे?

वाचायला बसलं की बोलणी बसतात

शेवटचं. "पुस्तक घेऊन बसली की घरात बोलतात," हे तुम्ही म्हणाल. खरं आहे. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी स्वतः शिकवलं, तरी घरातल्या बायकांनी टोमणे मारायचं सोडलं नाही. त्यांनी 1910 साली छापलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात ते आहे. न्यायाधीशाच्या बायकोला चुकलं नाही, ते आपल्याला कुठून चुकणार?

यावर माझ्याकडं एकच उपाय आहे. एकटीनं वाचलं की ते लोकांना रिकामपण दिसतं. पण बैठकीत वाचलं, घरी येऊन रात्री पोरांना त्यातली गोष्ट सांगितली, सासूबाईंना एखादं पान वाचून दाखवलं, की ते घराचं होतं. आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई आता स्वतः विचारतात, "त्या कार्व्हरचं पुढं काय झालं गं?"

तर पुढच्या बैठकीला एवढंच करा. प्रत्येकीनं एक पुस्तक आठवा, लहानपणी वाचलेलं असलं तरी चालेल, ऐकलेलं असलं तरी चालेल. आपल्या गटातली एक मैत्रीण डोळ्यांसमोर आणा. आणि तिला सांगा, हे पुस्तक मी तुझ्यासाठीच का निवडलं.

बघा, पुस्तकावर तांब्याची खूण पडते का ते.